पडद्यावरचे संपादकीय पान : लोइस वेबर आणि हॉलिवूडने सोडून दिलेली वाट

१९१६ साली अमेरिकेत मोठे चित्रपट-दिग्दर्शक कोण, असा प्रश्न निघाला की डी. डब्ल्यू. ग्रिफिथ आणि सेसिल बी. डिमिल यांच्या बरोबरीने लोइस वेबर हे नाव घेतले जात असे. त्या एका वर्षात तिने तुटपुंज्या पगारावर राबणारी दुकानातली मुलगी, गर्भपात आणि संततिनियमन, अफूची तस्करी आणि फाशीची शिक्षा या विषयांवर चित्रपट केले. शिवाय विख्यात नर्तिका आना पावलोवा हिला घेऊन एक भव्य ऐतिहासिक चित्रपटही केला. दिग्दर्शकांच्या तत्कालीन संघटनेने सभासदत्व दिलेली ती तेव्हाची एकमेव स्त्री होती. १९३९ साली ती वारली तेव्हा मात्र तिच्या अंत्यविधीचा खर्च पटकथालेखिका फ्रान्सिस मॅरियन हिला उचलावा लागला. पुढची कित्येक वर्षे चित्रपटाच्या इतिहासग्रंथांत वेबरच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ आली. अवघ्या तेवीस वर्षांत हे घडले. असे का घडले, या प्रश्नातून हे पुस्तक निघाले आहे.

या प्रश्नाची दोन उत्तरे प्रचलित आहेत. काळ बदलला, महायुद्धानंतरच्या चैनी प्रेक्षकाला तिचे उपदेश नकोसे झाले, हे पहिले. ती स्त्री होती आणि धंद्यात पैसा येताच पुरुषांनी तिला बाजूला सारले, हे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे, पण तेवढ्याने भागत नाही. वेबरची कारकीर्द दोन आधारांवर उभी होती. लेखन आणि दिग्दर्शन एकाच हातात असणे हा एक, आणि चित्रपटगृह ही सार्वजनिक वादाची जागा होऊ शकते हा विश्वास हा दुसरा. १९१५ ते १९२५ या दहा वर्षांत कायद्याने, भांडवलाने आणि स्टुडिओच्या नव्या रचनेने हे दोन्ही आधार काढून घेतले. त्यामुळे तिची कहाणी केवळ एका बाईच्या उदयास्ताची राहत नाही. अमेरिकी चित्रपट आणखी काय होऊ शकला असता, याचा तो ठोस पुरावा ठरतो.

ज्या धंद्यात ती आली तो आज आपण ओळखतो तसा नव्हता. १९०५ नंतर अमेरिकी शहरांत पाच सेंटांत दाखल करून घेणारी लहान चित्रपटगृहे गल्लोगल्ली उघडली. त्यांना दर आठवड्याला नवा माल लागे. एका रिळाचा, दहा-बारा मिनिटांचा चित्रपट ही नेहमीची लांबी होती, आणि तो काढणाऱ्या तुकडीत कामांची वाटणी अजून पक्की झालेली नव्हती. कथा लिहिणारा अभिनय करी, अभिनय करणारा दिग्दर्शन करी, आणि कापलेली फीत जोडायलाही तोच बसे. रंगभूमीवर काम केलेल्या स्त्रियांना अशा व्यवस्थेत वाव मिळाला. फ्रान्समध्ये १८९६ पासून चित्रपट करणाऱ्या अॅलिस गी-ब्लाशे हिने १९१० साली अमेरिकेत 'सोलॅक्स' ही स्वतःची कंपनी काढली. १९१२ ते १९१९ या काळात एकट्या युनिव्हर्सल कंपनीने अकरा स्त्रियांना दिग्दर्शक म्हणून श्रेय दिले आणि त्यांच्या नावावर किमान १७० चित्रपट आहेत. क्लिओ मॅडिसन, रूथ अॅन बाल्डविन, आयडा मे पार्क ही त्यांतली काही नावे. म्हणजे वेबर अपवाद नव्हती. एका मोठ्या प्रवाहातले ती सर्वांत ठळक नाव होती. हे आधी लक्षात घेतले नाही तर तिचे यश चमत्कार वाटू लागते, आणि चमत्काराचा अंत समजावून सांगण्याची गरज कोणाला वाटत नाही.

तिचा जन्म १८७९ चा, पेनसिल्व्हेनियातल्या अॅलेघेनी शहरातला. हे शहर पुढे पिट्सबर्गमध्ये सामावले गेले. लहान वयात तिने पियानोवादनाचे जाहीर कार्यक्रम केले. काही काळ एका ख्रिस्ती सेवासंस्थेबरोबर तिने गरीब वस्त्यांतून, रस्त्याच्या कोपऱ्यांवर उभे राहून भजने गायिली. त्यानंतर ती नाटकात आली, आणि १९०४ साली नट फिलिप्स स्मॉली याच्याशी तिचे लग्न झाले. गोमाँ कंपनीच्या अमेरिकी शाखेत तिने चित्रपटाचा धंदा शिकून घेतला. पुढे एडविन एस. पोर्टरच्या 'रेक्स' कंपनीत दोघे आली, आणि १९१२ साली रेक्स युनिव्हर्सलमध्ये गेल्यावर तिचा कारभार त्यांच्याकडेच आला. धर्मसेवेचा हा अनुभव तिच्या चरित्रकारांना नेहमी मोहात पाडतो आणि तिचे सगळे चित्रपट प्रवचनाच्या खात्यात टाकले जातात. त्या अनुभवाने तिला प्रामुख्याने दुसरेच काहीतरी दिले असावे. चालत्या रस्त्यावर, ऐकायची काहीही सक्ती नसलेल्या माणसाला थांबवायचे कसे, हे ती तिथे शिकली. सगळ्या थरांतल्या प्रेक्षकांसमोर पडदा लावणाऱ्या दिग्दर्शकाला याहून उपयोगी शिक्षण कोणते?

थांबवण्याची ही कला पाहायची तर १९१३ चा 'सस्पेन्स' हा एका रिळाचा चित्रपट पाहावा. गोष्ट साधी आहे. एकाकी घरातली मोलकरीण चिठ्ठी लिहून काम सोडून जाते आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवते. घरात एक आई आणि तिचे तान्हे बाळ. एक भटक्या घराभोवती घुटमळू लागतो. आई नवऱ्याच्या कचेरीत फोन लावते. या क्षणी वेबर पडद्याचे तीन त्रिकोण करते. एकात फोन धरलेली बाई, दुसऱ्यात ऐकणारा नवरा, तिसऱ्यात किल्ली शोधणारा भटक्या. ग्रिफिथने अशा प्रसंगांत आलटून पालटून दृश्ये दाखवण्याची रीत रूढ केली होती. वेबरने तिन्ही घटना एकाच वेळी समोर मांडल्या. पुढे नवरा दुसऱ्याची मोटार पळवून घराकडे धावतो, तेव्हा मागून येणारे पोलीस आपल्याला मोटारीच्या बाजूच्या छोट्या आरशात दिसतात. आई खिडकीतून खाली पाहते तेव्हा कॅमेरा तिच्या नजरेने सरळ खाली बघतो, आणि खालचा माणूस मान वर करून थेट आपल्याकडे पाहतो. आईची भूमिका खुद्द वेबरनेच केली आहे. यात उपदेश कुठेही नाही. चित्रभाषेवर पूर्ण हुकमत असलेल्या कलावंताचे हे काम आहे, आणि उपदेशक हा शिक्का मारण्याआधी टीकाकाराने या दहा मिनिटांचा हिशेब द्यायला हवा.

१९१४ साली वेबर युनिव्हर्सल सोडून होबार्ट बॉसवर्थच्या कंपनीत गेली आणि तिथे 'हिपोक्रिट्स' घडला. ढोंगी समाजाला सत्याचा नग्न पुतळा दाखवणाऱ्या मध्ययुगीन साधूला जमाव ठार करतो. मग आधुनिक काळात तेच सत्य एका नग्न स्त्रीच्या पारदर्शक रूपात फिरते आणि राजकारणापुढे, प्रतिष्ठितांपुढे, कुटुंबापुढे आरसा धरते. दुहेरी छायांकनाचे हे काम त्या काळाच्या मानाने विलक्षण सफाईचे आहे. १९१५ च्या जानेवारीत तो लागला. लोकांनी गर्दी केली, ओहायोमध्ये बंदी आली, आणि बॉस्टनच्या महापौराने त्या आकृतीला कपडे रंगवा अशी मागणी केली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ओहायोच्याच एका खटल्यात निकाल दिला की चित्रपट-प्रदर्शन हा निव्वळ व्यवसाय आहे, त्याला वृत्तपत्रासारखे अभिव्यक्तिस्वातंत्र्य नाही. हा निकाल १९५२ पर्यंत टिकला. वेबरच्या कारकिर्दीतली ही सर्वांत महत्त्वाची तारीख म्हणावी लागेल. आपल्याला कंपनीचे संपादकीय पान व्हायचे आहे, असे ती याच सुमारास सांगत होती. न्यायालयाने देशाला सांगून टाकले होते की या कागदावर संपादकीय छापण्याचा हक्कच नाही. पुढची दोन वर्षे तिने हा निकाल जणू अमान्य असल्यासारखे काम केले, आणि तिचे धाडस मोजायचे ते याच पार्श्वभूमीवर.

युनिव्हर्सलमध्ये परतल्यावर तिने केलेला 'शूज' हा त्या दोन वर्षांतला सर्वांत मोलाचा चित्रपट. शहरी गरीब मुली वेश्याव्यवसायाकडे कशा ढकलल्या जातात याविषयी शिकागोच्या समाजसेविका जेन अॅडम्स यांनी १९१२ साली एक पुस्तक लिहिले होते. त्यातल्या एका उल्लेखावरून स्टेला विन हेरन हिने कथा लिहिली आणि कथेवरून वेबरने पटकथा केली. ईव्हा मायर स्वस्त मालाच्या दुकानात आठवड्याला पाच डॉलरवर उभी असते. बाप बिछान्यात पडून कादंबऱ्या वाचतो, घरात धाकट्या बहिणी आहेत, पगार सगळा आईच्या हाती जातो. बुटांचे तळवे झिजून भोके पडली आहेत. रोज रात्री ती पुठ्ठ्याचे तळवे कापून आत घालते, दुसऱ्या दिवशी पाऊस ते लगदा करून टाकतो. दुकानाच्या काचेआड तीन डॉलरचे बूट आहेत. वेबरचा कॅमेरा खाली जमिनीलगत राहतो: पाय, फरशी, चिखल, कात्री, पुठ्ठा. दिवसभर उभ्या राहिलेल्या पायांना गरम पाण्यात सोडतानाचा चेहरा ती पुरेसा वेळ दाखवते. शेवटी ईव्हा स्वतःला विकून बूट आणते, आणि घरी आल्यावर कळते की बापाला काम मिळाले आहे.

इथे वेबरवरच्या मुख्य आक्षेपाला उत्तर देणे शक्य होते. आक्षेप असा की ती शिकवण देते. पात्रे तिच्या प्रतिपादनाची प्यादी असतात. 'शूज'मध्येही दारिद्र्य असे लिहिलेला एक राक्षसी पंजा झोपू न शकणाऱ्या ईव्हाकडे झेपावतो, आणि तो प्रकार आज भडक वाटतो हे मान्यच करावे. पण चित्रपटाचे प्रतिपादन त्या पंजात नाही, पुठ्ठ्यात आहे. पाच डॉलर पगार, तीन डॉलरचे बूट आणि आठवडाभर टिकणारा पाऊस या तीन गोष्टींचे गणित प्रेक्षक स्वतः मांडतो आणि निष्कर्षापर्यंत स्वतःच पोचतो. ईव्हाला ती दोषी ठरवत नाही, तिला साध्वीही करत नाही. उपदेशकाला निकाल घोषित करायची घाई असते. वेबर पुरावा समोर ठेवते आणि त्याच्याकडे बघत राहायला लावते. तिच्या उत्तम चित्रपटांत नीती वस्तूंमधून येते, पाट्यांवरच्या वाक्यांतून कमी. गौण चित्रपटांत हे उलटे होते, हेही तितकेच खरे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळून हे पुस्तक पुढे जात नाही. 'व्हेअर आर माय चिल्ड्रन?' हा १९१६ चा चित्रपट संततिनियमनाची बाजू घेतो आणि गर्भपाताविरुद्ध बोलतो. एका सरकारी वकिलाची श्रीमंत पत्नी आणि तिच्या मैत्रिणी मौजेत व्यत्यय नको म्हणून एका डॉक्टरकडे गुपचूप जातात. त्याच डॉक्टरच्या हातून घरातल्या नोकराणीच्या मुलीचा जीव जातो. दुसरीकडे गरिबांच्या वस्तीत मुले जास्त होतात म्हणून त्यांना ज्ञान दिले पाहिजे, असे एक पात्र कोर्टात सांगते. कोणी मुले जन्माला घालावीत आणि कोणी नाहीत, याविषयीचा त्या काळचा वंशशुद्धीचा विचार यात उघड आहे. मार्गारेट सँगरच्या संततिनियमनाच्या चळवळीतही तो मिसळलेला होता, आणि सुशिक्षित गोऱ्या अमेरिकी मध्यमवर्गात तो प्रगतिशील समजला जाई. हे 'त्या काळाचे' म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याच काळात त्याला विरोध करणारेही होते. पण हा दोष दाखवून वेबरला निकालात काढणेही चुकीचे ठरेल. ज्या विषयावर टपालाने पत्रक पाठवले तरी सँगरवर अश्लीलतेचा खटला भरला जात होता, तो विषय या चित्रपटाने हजारो लोकांसमोर आणला. पेनसिल्व्हेनियाच्या सेन्सॉर मंडळाने त्यावर बंदी घातली, इतरत्र रांगा लागल्या. पुढच्याच वर्षी 'द हँड दॅट रॉक्स द क्रेडल'मध्ये तिने गर्भपाताचा भाग बाजूला ठेवून संततिनियमनाची बाजू सरळ मांडली, त्यात सँगरसारख्या कार्यकर्तीची भूमिका स्वतः केली, आणि न्यूयॉर्कमध्ये त्याला परवाना नाकारला गेला. एका वर्षाच्या आत तिचे मत सरकलेले दिसते. वाद घालणाऱ्या कलावंताचे हे लक्षण आहे, आणि वाद घालणाऱ्याला आपणही वादानेच उत्तर द्यायला हवे.

तिसरा आक्षेप श्रेयाचा. त्या काळातल्या पुष्कळ चित्रपटांवर 'स्मॉली दांपत्य' असे किंवा दोघांची नावे आहेत. मग सगळे श्रेय वेबरला देणे हा आजच्या स्त्रीवादाचा उत्साह नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. पण पटकथा जवळजवळ सर्वत्र एकट्या वेबरच्या आहेत. संचावर अंतिम शब्द तिचा असे, हे तत्कालीन पत्रकारांनी वारंवार नोंदवले. १९१७ साली कंपनी निघाली ती 'लोइस वेबर प्रॉडक्शन्स' या नावाने. त्याहून मोठा पुरावा चित्रपटांत आहे: स्मॉलीचे नाव श्रेयातून गळल्यानंतरच्या चित्रपटांत तीच नजर, तोच वस्तूंवरचा भर कायम आहे. चित्रपट सामूहिक कला आहे म्हणून कर्तृत्व कोणाचेच नाही असे म्हणायचे असेल तर तो नियम ग्रिफिथलाही लावावा. त्याच्या छायालेखकाने, बिली बिट्झरने, काय केले याची चर्चा होते, पण ग्रिफिथच्या कर्तृत्वावर त्यामुळे प्रश्नचिन्ह लागत नाही.

१९२० साली फेमस प्लेयर्स-लॅस्की या बलाढ्य कंपनीने वेबरशी प्रत्येक चित्रपटामागे ५०,००० डॉलर आणि नफ्यात वाटा असा करार केला. तिने विषय बदलला. रस्त्यावरून ती मध्यमवर्गीय घरात आली. या पर्वातला 'द ब्लॉट' (१९२१) तिची सर्वांत परिपक्व कृती आहे. महाविद्यालयातला प्राध्यापक इतका कमी पगार घेतो की शेजारचा बूट बनवणारा स्थलांतरित त्याच्यापेक्षा कितीतरी सुखात आहे. खऱ्या घरांत चित्रण केलेल्या या चित्रपटात विटलेला गालिचा आणि झिजलेली खुर्ची यांना पात्रांइतके महत्त्व आहे. प्राध्यापकाची मुलगी आजारी पडते. आईला शेजारणीच्या स्वयंपाकघरात तयार कोंबडी दिसते. ती हात घालते, उचलते, आणि लाज वाटून परत ठेवते. मुलीने मात्र फक्त उचलताना पाहिलेले असते. या एका प्रसंगात भूक, अब्रू, शेजाराचा मत्सर आणि आई-मुलीतला विश्वास एवढे सगळे आहे, आणि त्यासाठी एकाही भडक पाटीची गरज पडत नाही. शेवटही सुखान्त म्हणून बंद होत नाही. मुलीच्या मनात नेमका कोण आहे हे संदिग्धच राहते.

फेमस प्लेयर्स-लॅस्कीने मात्र करार पुरा होण्याआधीच वितरणातून अंग काढून घेतले आणि 'द ब्लॉट' एका लहान वितरकाकडे गेला. बाजाराने कौल दिला, असे इथे म्हटले जाते. पण बाजार कोणाच्या हाती होता? याच कंपनीने १९१९ पासून बँकांच्या पैशावर चित्रपटगृहे विकत घ्यायला सुरुवात केली होती. शिवाय गाजलेल्या नटनट्यांचे चित्रपट हवे असतील तर सोबतचा गठ्ठाही घ्यावा लागे, अशी तिची विक्रीची रीत होती. स्वतंत्र निर्मात्याला पडदा मिळणेच दुरापास्त झाले. दुसरीकडे स्टुडिओत दिग्दर्शकाच्या डोक्यावर मध्यवर्ती निर्माता बसला. १९२२ साली युनिव्हर्सलच्या तरुण व्यवस्थापकाने, अर्विंग थॅलबर्गने, दिग्दर्शक एरिक फॉन स्ट्रोहाइमला चालू चित्रपटावरून काढले, तेव्हा सत्ता कुठे गेली हे सगळ्यांना दिसले. याच वर्षी निर्मात्यांची विल हेज याच्या नेतृत्वाखालची संघटना निघाली आणि वादग्रस्त विषय टाळणे हे धंद्याचे अधिकृत धोरण झाले. या व्यवस्थेत लेखन एका विभागात गेले, दिग्दर्शन दुसऱ्यात. स्त्रिया लेखनात टिकल्या. वेबरची एकेकाळची सहायक फ्रान्सिस मॅरियन हिने पुढे लेखनाची दोन ऑस्कर मिळवली. दिग्दर्शनात मात्र १९३० च्या दशकात मोठ्या स्टुडिओंत डोरोथी आर्झनर ही एकच बाई उरली. ग्रिफिथचाही याच काळात ऱ्हास झाला, ही गोष्ट प्रतिवाद म्हणून सांगितली जाते. ती माझ्या प्रतिपादनाला बळच देते: नव्या रचनेने लेखक-दिग्दर्शक ही जातच आक्रसली, आणि त्यात स्त्रियांना परतायची वाट सर्वांत अरुंद होती. वेबरने १९२६-२७ मध्ये काही चित्रपट केले, १९३४ साली हवाई बेटांवर चित्रित केलेला 'व्हाइट हीट' हा तिचा शेवटचा. त्याआधी १९३२ साली युनिव्हर्सलने 'शूज'ची दृश्ये कापून, त्यावर टवाळीचे निवेदन चढवून एक विनोदी लघुपट विकला. ज्या कंपनीने ईव्हा मायरची गोष्ट गंभीरपणे सांगितली होती, तिनेच ती सोळा वर्षांनी हशासाठी वापरली. अभिरुची बदलली, हे खरेच. पण ती बदलवण्यात कोणाचा हात होता तेही यातून दिसते.

या विषयावरचे लेखन चार टप्प्यांत वाढले. पहिल्या पिढीचे इतिहासकार शोधकांच्या आणि महापुरुषांच्या मालिकेतून चित्रपट पाहत. त्यांच्यासाठी ग्रिफिथ हा केंद्रबिंदू होता. १९६० च्या दशकातल्या लेखक-दिग्दर्शकवादी समीक्षेला वेबर खरे तर आदर्श उदाहरण ठरली असती, पण समीक्षक अँड्र्यू सॅरिसच्या देव्हाऱ्यात तिला जागा नव्हती. दुसऱ्या टप्प्यात, १९७० च्या दशकात, स्त्री-चळवळीच्या रेट्यामुळे रिचर्ड कोझार्स्की आणि अँथनी स्लाइड यांनी तिला पुन्हा वर काढले. स्लाइडचे आद्य स्त्री-दिग्दर्शकांवरचे पुस्तक १९७७ चे, तर वेबरवरचे स्वतंत्र चरित्र १९९६ चे. तिसरा प्रवाह सामाजिक प्रश्नांवरच्या मूकपटांचा. केव्हिन ब्राउनलोच्या १९९० च्या ग्रंथाने ही परंपरा किती रुंद होती ते दाखवले. चौथा प्रवाह उद्योगाच्या इतिहासाचा. कॅरन वॉर्ड महार हिने २००६ मध्ये, मार्क गॅरेट कूपरने २०१० मध्ये, जेन गेन्स हिने २०१८ मध्ये स्त्रिया आल्या कशा आणि गेल्या कशा याची छाननी केली, आणि शेली स्टॅम्प हिने २०१५ मध्ये वेबरचा आजवरचा सर्वांत सखोल अभ्यास प्रसिद्ध केला. या पुस्तकाचे ऋण चौथ्या प्रवाहाशी सर्वाधिक आहे. एक मतभेदही आहे: उद्योगाची रचना समजावताना कधी कधी चित्रपटच नजरेआड होतात, आणि ज्याचे नुकसान झाले ते नेमके काय होते हे धूसर राहते.

अर्थात, हाताशी असलेला पुरावा अपुरा आहे. अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार सुमारे ११,००० पूर्ण लांबीच्या अमेरिकी मूकपटांपैकी जेमतेम १४ टक्के मूळ स्वरूपात उरले आहेत. वेबरच्या चित्रपटांपैकी बहुसंख्य गेले. 'द हँड दॅट रॉक्स द क्रेडल' आणि 'व्हाइट हीट' दोन्ही गेले. जे आहे तेही निरनिराळ्या देशांतल्या संग्रहांतून जोडून घ्यावे लागले. 'शूज'चे पुनरुज्जीवन अॅमस्टरडॅमच्या चित्रपट संग्रहालयाने केले. असे असता ठाम मत कसे द्यायचे? उत्तर असे की मत उरलेल्या चित्रपटांपुरते ठाम असावे आणि हरवलेल्यांविषयी तत्कालीन जाहिराती, सेन्सॉरच्या नोंदी, परीक्षणे यांच्या पलीकडे जाऊ नये. मराठी वाचकाला ही अडचण परकी नाही. 'सस्पेन्स' आणि दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' एकाच वर्षीचे, १९१३ चे, आणि फाळके यांच्या चित्रपटाचाही काही भागच आज उपलब्ध आहे. भारतातल्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शक मानल्या जाणाऱ्या फातमा बेगम यांनी मुंबईत १९२६ साली केलेला 'बुलबुल-ए-परिस्तान' तर पाहायलाच मिळत नाही. चित्रपट जपला गेला नाही की आधी कृती जाते, मग कर्त्याचे नाव जाते, आणि शेवटी असे कोणी होते ही शंकासुद्धा उरत नाही.

वेबरकडे आज वळण्याचे कारण केवळ न्याय देणे हे नाही. 'सस्पेन्स', 'शूज' आणि 'व्हेअर आर माय चिल्ड्रन?' हे तिन्ही चित्रपट आता अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-यादीत आहेत. मानसन्मान होत आहेत. पण सन्मानाने माणूस संग्रहालयात जातो. तिचे प्रश्न मात्र अजून जिवंत आहेत. गर्भपाताचा हक्क अमेरिकेत २०२२ साली पुन्हा वादात ओढला गेला. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या मुलीच्या पगारात तिच्या गरजा भागतात का, शिक्षकाला काय मिळते, कोणता विषय पडद्यावर आणायचा हे प्रदर्शनाची साधने ताब्यात असणाऱ्या मोजक्या कंपन्या ठरवणार का, हे आपल्याकडचेही प्रश्न आहेत. लोकप्रिय चित्रपट आणि गंभीर चित्रपट अशी फाळणी आपण निसर्गनियमासारखी धरून बसलो आहोत. त्या फाळणीआधी, ऐन बाजारात, तिकिटासाठी रांगा लावणाऱ्या प्रेक्षकांसमोर एका बाईने दोन्ही एकत्र करून दाखवले होते.

म्हणून या पुस्तकाने चरित्राचा साचा घेतलेला नाही. उरलेले चित्रपट बारकाईने वाचणे, प्रत्येकाला त्याच्या काळातल्या कायद्याशी, पैशाशी आणि वादाशी जोडणे, आणि हरवलेल्या चित्रपटांची जागा कल्पनेने न भरता कागदोपत्री पुराव्याने आखून दाखवणे, एवढे काम त्याने अंगावर घेतले आहे. 'पहिली स्त्री' हे विशेषण ते जपून वापरते. १९१४ चा 'मर्चंट ऑफ व्हेनिस' हा अमेरिकेत स्त्रीने दिग्दर्शित केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट मानला जातो, हे नोंदवून ते पुढे जाते, कारण पहिलेपण हा योगायोगाचाही भाग असतो आणि कर्तृत्वाचे माप त्याने होत नाही. वाचकाने वेबरला सहानुभूतीने पाहावे अशी अपेक्षा नाही. तिच्या गणितात चूक सापडली तर ती दाखवावी, तिचे पूर्वग्रह नावानिशी सांगावेत, आणि जिथे तिने बरोबर पाहिले तिथे तिला मान द्यावा. संपादकीय लिहिणाऱ्याला वाचकाकडून हवे असते ते उत्तर. तिने ते शंभर वर्षांपूर्वी मागितले होते, आणि ते द्यायला आवश्यक तेवढे तिचे काम आज आपल्या हाती आहे.